थांबलेले गाणे, उसना गळा

2011 च्या उन्हाळ्यात 'येस' या ब्रिटिश बँडचा 'फ्लाय फ्रॉम हिअर' हा अल्बम बाजारात आला, तेव्हा अनेक जुन्या चाहत्यांनी त्याचा निकाल ऐकण्याआधीच लावून टाकला होता. आधीचा 'मॅग्निफिकेशन' 2001 चा, म्हणजे मध्ये दहा वर्षे स्टुडिओतून नवे काही आलेले नव्हते. या काळात, 2008 साली, जॉन अँडरसन हा संस्थापक गायक बँडबाहेर गेला होता. त्याच्या जागी होता कॅनडाचा बेन्वा डेव्हिड. हा डेव्हिड त्याआधी 'क्लोज टू द एज' नावाच्या, येसचीच गाणी जशीच्या तशी सादर करणाऱ्या एका बँडमध्ये गात असे. आक्षेप उघड होता. ज्याच्या आवाजाने बँड ओळखला गेला तो नाही आणि त्याची नक्कल करणारा आहे, तर हा संगीताचा अल्बम नसून नावाचा व्यापार आहे, असे म्हटले गेले. मला हा निकाल चुकीचा वाटतो. तो चुकीचा ठरवण्यासाठी अल्बमला निर्दोष म्हणण्याचीही गरज नाही. त्यात दोष आहेत, पण अँडरसनचे नसणे हा त्यातला दोष नव्हे. या अल्बमची गोष्ट 2008 साली सुरू होत नाही, ती 1980 साली सुरू होते. तिथून पाहिले की दिसते ते असे: जी गाणी अँडरसनची कधीच नव्हती, ती गाण्यासाठी अँडरसनसारखा गळा आणला गेला. अल्बम लंगडतो तो या ठिकाणी.

आधी 'मूळ येस' या कल्पनेचे काय ते पाहू. 1968 साली लंडनमध्ये बँड उभा राहिला तो अँडरसन, बेसवादक ख्रिस स्क्वायर, गिटारवादक पीटर बँक्स, कीबोर्डवादक टोनी के आणि ड्रमवादक बिल ब्रुफर्ड या पाच जणांचा. बँक्स 1970 मध्येच गेला आणि स्टीव्ह हाऊ आला. 1971 मध्ये के गेला आणि रिक वेकमन आला. चाहत्यांच्या मनात सोन्याच्या चौकटीत बसलेला जो संच आहे, अँडरसन, स्क्वायर, हाऊ, वेकमन आणि ब्रुफर्ड, तो 1971 च्या उन्हाळ्यात जमला आणि पुढच्या उन्हाळ्यात मोडला. 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज' हे दोनच अल्बम त्याच्या खात्यावर आहेत. दुसऱ्याचे काम संपताच ब्रुफर्ड 'किंग क्रिमसन' या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला. जॉन लेननबरोबर वाजवलेल्या अ‍ॅलन व्हाइटने काही दिवसांत सगळी गाणी पाठ करून अमेरिकेचा दौरा निभावला. म्हणजे 'क्लोज टू द एज' हा अल्बम ज्यांनी स्टुडिओत घडवला आणि ज्यांनी तो जगभर वाजवून लोकांच्या कानात रुजवला, ते संचसुद्धा एक नव्हते. वेकमन 1974 मध्ये गेला, त्याच्या जागी आलेल्या पॅट्रिक मोराझने 'रिलेयर' वाजवला, मग वेकमन परतला. एवढ्या ये-जा करणाऱ्या घरात 'मूळ रहिवासी' कोण हे ठरवणे अवघड आहे, आणि चाहत्यांनी ते ठरवले आहे तेही बहुधा आपण कुठल्या वर्षी बँड ऐकायला लागलो त्यावरून.

तरी अँडरसनचे स्थान वेगळे होते हे मान्य करायलाच हवे. ब्रुफर्डच्या जागी व्हाइट येणे आणि अँडरसनच्या जागी कोणी येणे एकाच मापाचे नाही. त्याचा आवाज पुरुषी आवाजाच्या नेहमीच्या पट्टीच्या बराच वर सहज फिरतो, त्याला धार आहे पण कर्कशपणा नाही, आणि बँडची स्वप्नेही बरीचशी तोच पाहत असे. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा 1973 चा दुहेरी अल्बम परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचला. श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्र या शास्त्रविभागांचा उल्लेख वाचून चार दीर्घ रचनांचा आराखडा डोक्यात येणारा माणूस अँडरसनच होता. असा माणूस गेल्यावर बँड तोच राहतो का, हा प्रश्न खरा आहे. पण तो 2011 मध्ये पहिल्यांदा पडलेला नाही. तीस वर्षांपूर्वी तो पडला होता आणि त्याचे एक उत्तरही दिले गेले होते.

1979 च्या अखेरीस पॅरिसमध्ये नव्या अल्बमचे काम सुरू असताना मतभेद विकोपाला गेले आणि 1980 च्या वसंतात अँडरसन आणि वेकमन दोघेही बाहेर पडले. उरले स्क्वायर, हाऊ आणि व्हाइट. त्याच वेळी ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स ही जोडी 'बगल्स' या नावाने गाजत होती. त्यांचे 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' 1979 च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. दोन्ही मंडळींचा व्यवस्थापक एकच, ब्रायन लेन. हॉर्न येसचा जुना चाहता. या जोडीने येससाठी म्हणून एक गाणे पुढे केले, 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर', आणि गोष्ट गाण्यावर न थांबता दोघे थेट बँडमध्येच दाखल झाले. चकचकीत पॉप करणारे दोन तरुण प्रोग्रेसिव्ह रॉकच्या भारदस्त घरात शिरले, हे तेव्हा अनेकांना विटाळासारखे वाटले. पण त्या पाच जणांनी केलेला 'ड्रामा' हा अल्बम आज ऐकला तर तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी मरगळलेल्या येसपेक्षा कितीतरी ताजा वाटतो. स्क्वायरचा बेस त्यात पुढे येऊन गुरगुरतो, हाऊ आणि डाउन्स एकमेकांना जागा सोडतात, आणि 'मशीन मेसाया'सारखी दहा मिनिटांची रचना कुठेही सैल पडत नाही. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.

मंचावर मात्र हॉर्नची दमछाक झाली. 'ड्रामा'ची गाणी त्याच्या स्वतःच्या पट्टीतली, पण प्रेक्षकांना जुनी गाणीही हवी होती, आणि ती अँडरसनच्या पट्टीत. रोज रात्री त्या उंचीवर चढताना त्याचा आवाज बसू लागला. मायदेशातल्या प्रेक्षकांनी त्याला फार दयामाया दाखवली नाही. दौरा संपला आणि 1981 च्या सुरुवातीला हा संचही विखुरला. 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर' त्या दौऱ्यात वाजवले गेले होते, पण 'ड्रामा'त आले नाही. त्याचे एक मैफलीतले ध्वनिमुद्रण 2005 च्या एका सीडी-संचातून लोकांपर्यंत पोचले आणि बगल्सचे कच्चे ध्वनिमुद्रण 2010 मध्ये. तोपर्यंत ते गाणे जाणकार चाहत्यांच्या बोलण्यात 'राहून गेलेले' म्हणूनच होते. इथे एक धडा उघड्यावर पडला होता, तो पुढे कोणी नीट घेतला नाही. हॉर्न जिथे स्वतःच्या गळ्याने गायला तिथे बँड जिवंत राहिला, आणि जिथे त्याला अँडरसन व्हावे लागले तिथे तो कोसळला.

पुढची दोन-तीन वर्षे या संदर्भात महत्त्वाची आहेत. हाऊ आणि डाउन्स 'एशिया' या नव्या बँडमध्ये गेले. हॉर्न गाणे सोडून निर्माता झाला, आणि ऐंशीच्या दशकाचा ब्रिटिश पॉप कसा वाजावा हे ठरवणाऱ्या मोजक्या लोकांत त्याची गणना होऊ लागली. 1983 मध्ये स्क्वायर आणि व्हाइट दक्षिण आफ्रिकेचा गिटारवादक ट्रेव्हर राबिन याच्याबरोबर 'सिनेमा' नावाचा नवा बँड उभारत होते. निर्माता हॉर्न. काम बरेच पुढे गेल्यावर अँडरसन गायला आला आणि 'सिनेमा'चे नाव 'येस' झाले. राबिनने घरी रचलेले आणि हॉर्नने हट्टाने अल्बममध्ये ठेवलेले 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' 1984 च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तो मान येसच्या दुसऱ्या कुठल्याच गाण्याला मिळालेला नाही. हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की 1980 नंतर येसचे बरे काम एका ठरावीक वाटेने झालेले दिसते. बाहेरचा कोणी गाण्याचा सांगाडा घेऊन येतो, स्क्वायर आणि इतर त्यावर आपल्या पद्धतीचे बांधकाम करतात, आणि हॉर्न काय ठेवायचे नि काय टाकायचे ते निष्ठुरपणे ठरवतो. उलट उदाहरणही आहे. 1991 च्या 'युनियन'वर अँडरसनसह आठ जुन्या-नव्या येसकरांची नावे आहेत, आणि प्रत्यक्षात त्यातले बरेच वादन बाहेरून बोलावलेल्या वादकांनी केलेले आहे. वेकमन आणि ब्रुफर्ड त्याबद्दल पुढे कधीच चांगले बोलले नाहीत. सगळे 'खरे' लोक हजर असूनही अल्बम पोकळ निघू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आता 2008. बँडच्या चाळिसाव्या वर्षाचा दौरा ठरला होता. मे महिन्यात अँडरसनला दम्याचा तीव्र झटका आला, श्वसनक्रिया बंद पडण्यापर्यंत वेळ आली, आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. दौरा रद्द झाला. उरलेल्यांनी मात्र थांबायचे नाही असे ठरवले. स्क्वायरने यूट्यूबवर डेव्हिडला गाताना पाहिले आणि त्याला बोलावले. कीबोर्डवर रिक वेकमनचा मुलगा ऑलिव्हर आला. नोव्हेंबरात ही मंडळी दौऱ्यावर निघाली ती 'येसचे हाऊ, स्क्वायर आणि व्हाइट' अशा नावाने. बँडचे नाव सरळ लावायला त्यांचेही मन सुरुवातीला धजावले नसावे. अँडरसनने आपले दुःख जाहीरपणे बोलून दाखवले. आजारी माणूस बरा होण्याची वाट न पाहता त्याच्या जागी दुसरा उभा करणे हे चाळीस वर्षांच्या सहवासाला शोभणारे नव्हते. त्या बाबतीत माझी सहानुभूती पूर्णपणे अँडरसनकडे आहे. पण माणसाशी केलेली वागणूक आणि त्यानंतर घडलेले संगीत यांचे हिशेब वेगळे मांडावे लागतात. बँक्सलाही 1970 मध्ये त्याच्या इच्छेविरुद्ध काढले गेले होते, आणि म्हणून त्यानंतर आलेला 'द येस अल्बम' कोणी खोटा ठरवला नाही.

दौऱ्यासाठी डेव्हिडची निवड बिनचूक होती. मंचावर लोकांना 'राउंडअबाउट' आणि 'अँड यू अँड आय' त्यांच्या आठवणीतल्या पट्टीत, आठवणीतल्या पोताने ऐकायचे असतात. मराठी संगीत नाटकात एखाद्या नटाने गाजवलेली पदे पुढच्या नटाला त्याच जागा घेऊन, त्याच हरकतींसकट म्हणावी लागतात, तशीच ही अपेक्षा. डेव्हिडने ती मनापासून पुरी केली. लियॉनच्या मैफलीचे 2011 मध्ये निघालेले ध्वनिमुद्रण ऐकले तर त्याच्या मेहनतीबद्दल आदरच वाटतो. पण नवीन अल्बम करायचा ठरला तेव्हा गणित बदलले, आणि कोणी ते पुन्हा मांडले नाही.

2010 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काम सुरू झाले. निर्माता म्हणून हॉर्न आला, तो मुळात एकाच गाण्यापुरता. ते गाणे म्हणजे 1980 चे राहून गेलेले 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर'. एकदा ते हातात घेतल्यावर बगल्सच्या जुन्या फितींमधले आणखी तुकडे बाहेर निघाले. त्यांची एक सलग मालिका झाली आणि हॉर्न सगळ्याच अल्बमचा निर्माता झाला. गाणी डाउन्सची असल्यामुळे ती वाजवायला डाउन्सच हवा असा विचार होऊन अर्ध्या वाटेवर ऑलिव्हर वेकमनला जावे लागले. त्याच्या वादनाचे काही अंश मात्र अल्बममध्ये राहिले. म्हणजे आता स्टुडिओत होते हॉर्न, डाउन्स, स्क्वायर, हाऊ आणि व्हाइट. 'ड्रामा'चे पाचही जण जसेच्या तसे, अधिक माइकसमोर डेव्हिड. ही जुळवाजुळव त्या वेळी बातम्यांत आली, पण तिचा अर्थ फारसा कोणी लावला नाही. चर्चा अँडरसन विरुद्ध डेव्हिड अशीच चालू राहिली. खरी गंमत ही होती की एकतीस वर्षांपूर्वीचा एक बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला होता आणि त्यात अर्धवट राहिलेला माल पुरा होत होता.

शीर्षक-मालिका सहा भागांची, सुमारे चोवीस मिनिटांची. येसच्या दीर्घ रचनांच्या रांगेत ती कुठे बसते? 'क्लोज टू द एज'च्या शेजारी नाही. तिथे विषय आणि रचना एकमेकांतून उगवतात. इथे स्वतंत्र गाणी एका विमानतळाच्या कल्पनेभोवती गुंफली आहेत, आणि शिवण दिसते. पण ती शिवण घालणारा हात कसबी आहे. छोट्या प्रस्तावनेत पुढे येणाऱ्या सुरावटी ओझरती हजेरी लावून जातात, आणि मग मुख्य गाणे मोकळ्या आकाशात उघडते. 'सॅड नाइट अ‍ॅट द एअरफील्ड' हा भाग मला सगळ्या अल्बमचा गाभा वाटतो. गिटार सांभाळून बोलते, कीबोर्डचे थर हळूहळू चढत जातात, आणि मागे उभे राहिलेले कोरस स्क्वायरच्या त्या ओळखीच्या दुसऱ्या आवाजाने भरतात. हा दुसरा आवाज विसरून चालणार नाही. अँडरसनच्या बरोबरीने येसची गायकी ज्याने घडवली तो स्क्वायर इथे पूर्ण ताकदीने हजर आहे. 'मॅडमॅन अ‍ॅट द स्क्रीन्स'मध्ये ताणही आहे आणि वेगही. प्रस्तावनेनंतरचा चौथा भाग हाऊचा, लहानसा आणि खेळकर, पण तो मालिकेच्या अंगाला लागत नाही. तो काढला असता तर काहीही बिघडले नसते.

मालिका संपल्यानंतरच्या गाण्यांवर मी फार थांबणार नाही. स्क्वायरने स्वतः गायलेले गाणे साधे आहे, आणि ते साधेपण त्याला मानवते, कारण तो तिथे कोणासारखाच गात नाही. 'लाइफ ऑन अ फिल्म सेट' पुन्हा बगल्सच्या जुन्या फितीतले, चांगले. हाऊचे एकट्या गिटारवरचे 'सॉलिटेअर' नीटनेटके आहे, पण 1971 च्या 'मूड फॉर अ डे'ची जागा भरायला म्हणून बसवल्यासारखे वाटते. शेवटचे 'इन्टू द स्टॉर्म' मात्र सगळ्यांनी मिळून रचलेले, आणि त्यात स्क्वायर-व्हाइट जोडीची ठाम चाल ऐकू येते. अल्बम जिथे स्वतःच्या मिजाशीत चालतो तिथे तो टिकतो, आणि 'येसच्या अल्बममध्ये अमुक असायलाच हवे' या यादीला खूण करायला जातो तिथे तो ढिला पडतो.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ही गाणी बगल्सची, निर्माता बगल्सचा, कीबोर्डवाला बगल्सचा, तर याला येसचा अल्बम म्हणायचे कशाला? याला उत्तर आहे. बगल्सच्या कच्च्या ध्वनिमुद्रणातले हेच गाणे ऐकावे. ते यंत्रांच्या आधाराने चालणारे, हलके, तरतरीत गाणे आहे. येसच्या हातात ते जड झाले, पसरले, त्याला खालून बेसची आणि वरून गिटारची उलटसुलट वीण मिळाली. रचनेचा मूळ मालक कोण हा प्रश्न येसला लावायचा तर 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' राबिनच्या नावावर सोडून द्यावे लागेल. बँडची ओळख बऱ्याचदा कच्च्या मालात नसते, त्यावर केलेल्या कामात असते. दुसरा आक्षेप विक्रीचा. अल्बम ब्रिटनमध्ये तिसाव्या आणि अमेरिकेत छत्तिसाव्या क्रमांकावर थांबला, म्हणजे लोकांनी नाकारला, असे म्हणणारे आहेत. 2011 मध्ये साठीतल्या वादकांचा, नभोवाणीवर न वाजणारा, इटलीतल्या एका छोट्या कंपनीने काढलेला अल्बम तिथवर जाणे हा नकार म्हणता येत नाही. पण हा मुद्दा मी ताणणार नाही, कारण क्रमांकांनी या वादात कोणत्याच बाजूचे काही सिद्ध होत नाही.

सिद्ध करणारा पुरावा सात वर्षांनी आला, आणि असा पुरावा संगीताच्या इतिहासात क्वचित मिळतो. 2018 च्या मार्चमध्ये 'फ्लाय फ्रॉम हिअर – रिटर्न ट्रिप' या नावाने तोच अल्बम पुन्हा निघाला. हॉर्नने तो नव्याने मिसळला होता, हाऊचे एक वगळलेले गाणे त्यात घातले होते, आणि मुख्य म्हणजे डेव्हिडने गायलेल्या जागा स्वतः गाऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या होत्या. वादन बहुतांश तेच, रचना त्याच, फक्त गळा बदललेला. अँडरसनच्या नसण्याने अल्बम दुबळा झाला असता, तर अडुसष्ट वर्षांच्या हॉर्नच्या मर्यादित, किंचित खरखरीत आवाजाने तो आणखी दुबळा व्हायला हवा होता. झाले उलटे. 'सॅड नाइट अ‍ॅट द एअरफील्ड'मध्ये डेव्हिडचा आवाज वरून, स्वच्छपणे, थोडा परका तरंगतो. हॉर्न तेच शब्द जवळून म्हणतो, आणि गाण्याला बोलणारा माणूस मिळतो. या ओळी त्याच्या आवाजासाठी बेतलेल्या होत्या हे लगेच कळते. डेव्हिड कमी पडला नव्हता. त्याला दिलेले कामच चुकीचे होते. जी गाणी अँडरसनने कधी गायली नाहीत, ज्यांच्या जन्माच्या वेळी तो बँडमध्येही नव्हता, त्यांवर त्याची छाया पाडण्यासाठी एका चांगल्या गायकाला वापरले गेले होते.

'रिटर्न ट्रिप'लाही एक दोष आहे, आणि तो नैतिक आहे. ध्वनिमुद्रणातून एका माणसाचा आवाज काढून टाकणे ही साधी तांत्रिक दुरुस्ती नव्हे. 2011 च्या अखेरीस डेव्हिड स्वतः श्वसनाच्या विकाराने आजारी पडला आणि लवकरच त्याच्या जागी जॉन डेव्हिसन आला. अँडरसनच्या बाबतीत जे झाले तेच, जवळपास त्याच क्रमाने, पुन्हा घडले. पुढे ज्या अल्बममध्ये त्याचे नाव ठळकपणे होते त्यातूनही तो पुसला गेला. 2019 मध्ये ऑलिव्हर वेकमनने त्या काळातली न वापरलेली गाणी 'फ्रॉम अ पेज' म्हणून प्रसिद्ध केली. त्यात डेव्हिड जुन्या साच्यातून सुटून गाताना ऐकू येतो. ज्यांना त्याच्याबद्दल मत बनवायचे आहे त्यांनी आधी तो अल्बम ऐकावा.

'रिटर्न ट्रिप' निघण्यापूर्वीच, 27 जून 2015 रोजी, ख्रिस स्क्वायरचे निधन झाले होते. 1969 पासून त्याच्या हयातीत निघालेल्या येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर हजर असलेला तो एकटाच होता. 2022 च्या मे महिन्यात अ‍ॅलन व्हाइटही गेला. 'रिटर्न ट्रिप'वर वाजवणारे आणि गाणारे मुख्य पाच जण कोण, हे आता पाहिले तर हॉर्न, डाउन्स, स्क्वायर, हाऊ आणि व्हाइट ही 1980 ची नावे अक्षरशः तीच आहेत. येसच्या अल्बमांची यादी करणारे त्याला सुधारित आवृत्ती म्हणून 2011 च्या नोंदीखाली तळाशी टाकतात. माझ्या मते त्याची जागा 'ड्रामा'च्या लगेच पुढे आहे, त्याच संचाचा दुसरा अल्बम म्हणून.